तिथीची पाऊणपट

लातूर जिल्ह्यात एक मुरुड आहे. लातूरहून बार्शीकडे निघाले की ते वाटेत लागते. कोकणात आणखी दोन आहेत. एक जंजिऱ्याच्या शेजारचे आणि दुसरे दापोली तालुक्यातले, महर्षी कर्व्यांचे. गेल्या पौषात आम्ही पंधरा माणसांनी मिळून जो प्रवास केला त्यात ही तिन्ही मुरुडे लागली, आणि आमच्यातल्या निवृत्त तलाठ्यांनी दुसऱ्या मुरुडाला, "म्हणजे आपण जागचे हललोच नाही म्हणा की!" असा विनोद केला. सगळे हसले. तिसऱ्या मुरुडाला त्यांनी तो पुन्हा केला, तेव्हा कुणी हसले नाही. पण महसूल खात्यात माणसाला चिकाटी येते.

बेत असा होता. नांदेडहून एक छोटी बस करायची, लोहा-अहमदपूरवरून लातूरला यायचे, तेथली मंडळी घ्यायची आणि थेट कोकणचा किनारा गाठायचा. मग मुरुड-जंजिऱ्यापासून जयगडपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने खाली उतरायचे, आणि वाटेतल्या चार खाड्या बससकट बोटीने ओलांडायच्या. राजपुरीची खाडी, सावित्रीची बाणकोट खाडी, वाशिष्ठीची दाभोळ खाडी आणि शास्त्री नदीची जयगड खाडी. कोकणात किनाऱ्याचा रस्ता सरळ जातच नाही. दहावीस कोस गेले की खाडी आडवी येते, आणि रस्ता पाण्याच्या काठाशी येऊन चक्क संपतो. पूर्वी गाडीवाल्याला मग आत महामार्गापर्यंत जाऊन पुलावरून वळसा घ्यावा लागे. 2003 साली दाभोळ-धोपावे अशी गाड्या वाहून नेणारी बोट सुरू झाली आणि पुढे इतर खाड्यांवरही तशा बोटी आल्या. या बोटीला तिकडे 'जंगल जेट्टी' म्हणतात. नांदेडच्या मंडळींनी आधी जंगल शोधले.

आम्हा मराठवाड्याच्या लोकांना बोटीचे फार अप्रूप. आमच्याकडे नाव असते ती गोदावरीच्या पलीकडच्या शेतात जाण्यासाठी. तीत हौसेने कुणी बसत नाही. समुद्र तर आमच्या नद्यांनाही ठाऊक नसावा असे वागतात. गोदावरी त्र्यंबकेश्वराला उगम पावते तेथून पश्चिम समुद्र जेमतेम ऐंशी किलोमीटर आहे. पण ती तिकडे पाठ फिरवते आणि साडेचौदाशे किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. लातूरकडची मांजराही तिच्याच वळणावर गेलेली. कंदकुर्तीला तिला गाठते आणि दोघी मिळून पूर्वेला जातात. कोकणातल्या नद्यांचे तसे नाही. सह्याद्रीवरून उडी घेतली की दोनचार तालुक्यांत त्यांचा संसार आटोपतो.

माझ्या डोक्यात बोट होती ती जुन्या कादंबऱ्यांतली. कोकणातला चाकरमानी भाऊच्या धक्क्यावर ट्रंकेवर बसून आहे, बोटीचा भोंगा होतो, रात्रभर डेकवर पथारी पसरून माणसे पडलेली आहेत, कुणाला बोट लागते, कुणी लिंबू पुढे करते. आणि आपले बंदर आले की बोट दूर खोल पाण्यात थांबते व माणसे, करंड्या, पोरे पडावात उतरतात. पावसाळ्यात हे सगळे बंद. 'रामदास' बोट बुडाली ती 17 जुलै 1947 रोजी, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाताना, भर पावसाळ्यात. सहाशेहून अधिक माणसे गेली. ही हकीकत मी बसमध्ये सांगायला घेतली, तर लातूरच्या आडत दुकानदारांनी मला मध्येच थांबवले आणि पुढच्या बाकावरच्या बायकांकडे डोळ्यांनी खूण केली. व्यापारी माणसाला कोणता माल केव्हा काढू नये हे कळते. त्या जुन्या बोटी आता राहिल्या नाहीत, मीही त्या तेवढ्यावर सोडून दिल्या.

पुढच्या बाकावर माझ्या एका सहशिक्षिकेच्या आई होत्या. आम्ही सगळे त्यांना मावशी म्हणत होतो. वय पासष्टच्या पुढे, अंगाने काटक, कपाळावर जुने गोंदण. गाव लातूर जिल्ह्यातले, किल्लारीच्या बाजूचे. बसमध्ये चढताना त्यांनी आधी पायरीला हात लावला आणि मग पाऊल टाकले. मला वाटले, देवाचे नाव घेऊन चढल्या.

पहिल्या दिवशी पौषातली पुत्रदा एकादशी होती. मावशींचा उपवास. सकाळी राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीत बसून आम्ही जंजिऱ्याला गेलो. या होडीला इंजिन नव्हते. नाखव्याने शीड उभारले, वाऱ्याने ते फुगले, आणि होडी एका कुशीवर कलून आवाज न करता निघाली. बायका घाबरून एकमेकींना धरून बसल्या, आणि मावशी मात्र काठाशी बसून पाण्यात बोटे सोडून मजेत होत्या. चव घेऊन पाहिली, तोंड वाकडे केले आणि लेकीला म्हणाल्या, "एवढं सगळं खारटच हाय की गं."

जंजिऱ्याचा इतिहास मी येथे सांगत बसत नाही. शिवाजी महाराजांना आणि संभाजी महाराजांना तो मिळाला नाही, आणि सिद्दीचे संस्थान 1948 पर्यंत टिकले, एवढे सर्वांना ठाऊक आहे. आमच्या मंडळींचे लक्ष वेधले ते आतल्या तलावांनी. चहूकडे खारे पाणी, आणि मधोमध किल्ल्यात दगडांनी बांधून काढलेला गोड्या पाण्याचा तलाव. पाणी हिरवे झालेले आहे, पण तलाव भव्य आहे. आडत दुकानदार त्याच्या काठावर बराच वेळ उभे राहिले. 2016 च्या उन्हाळ्यात लातुरात पाण्याच्या टाक्यांपाशी गर्दी होऊ नये म्हणून जमावबंदी लावली होती. 12 एप्रिलला मिरजेहून 'जलदूत' गाडी पहिल्यांदा पाणी घेऊन आली. दहा वाघिणी, एकेकीत पन्नास हजार लिटर. पुढे पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली. आमचे शेटजी ती गाडी पाहायला स्टेशनवर गेले होते. "लोक लेकराबाळांना घेऊन आले होते हो गुरुजी," ते म्हणाले, "पाणी बघायला." मग त्यांनी खिशातून मोबाईल काढला आणि तलावाचे फोटो घेतले, समुद्राचा एकही घेतला नाही.

दुपारी आगरदांड्याहून दिघीला जायचे होते. धक्क्याचा सिमेंटचा उतार पाण्यात गेलेला असतो. बोट येते, तिच्या तोंडाचा लोखंडी फळका साखळ्यांनी खाली येतो, उतारावर टेकतो, आणि त्यावरून गाड्या आत जातात. आमचा ड्रायव्हर पोरगेला होता. त्याला आमच्यातले एस. टी.त तीस वर्षे गाडी चालवलेले काका खाली उतरून "येऊ दे, येऊ दे, डावी मार" असे सांगत होते, आणि बोटीवरचा खलाशी नेमके उलट सांगत होता. शेवटी बस आत गेली. आम्ही मागून चालत गेलो. फळका वर उचलला गेला, इंजिनाने सूर धरला, आणि पायांखालचे लोखंड थरथरू लागले.

मावशी होत्या तेथेच खाली बसल्या. डेकच्या मधोमध, दोन मोटारींच्या मध्ये, दोन्ही तळहात लोखंडावर सपाट दाबून. तोंडावरचा रंग गेला होता.

"उपवासानं चक्कर आली," एकजण म्हणाली. "बोट लागली," तलाठी म्हणाले, आणि आवळासुपारीची डबी उघडली. कुणी लिंबू आणले. लेकीने डोक्यावर पदर धरला. मावशींनी कशालाच हात लावला नाही. मी वाकून विचारले तेव्हा त्या माझ्याकडे न बघता हळूच म्हणाल्या,

"गुरुजी, भुई हलायलीय."

मग कुणी काही बोलले नाही. आवळासुपारीची डबी मिटली.

वाचकांतल्या तरुण मंडळींसाठी सांगायला हवे. 1993 साली अनंत चतुर्दशीला गणपती बोळवून लोक दमून झोपले होते. त्या रात्री, म्हणजे 30 सप्टेंबरच्या पहाटे, चार वाजायला चार मिनिटे असताना लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात धरणी हलली. आमच्याकडची जुनी घरे दगडमातीच्या जाड भिंतींची आणि वर मातीच्या जड माळवदाची. उन्हाळ्यात गार, चोराला अवघड. तीच घरे माणसांवर बसली. हजारो माणसे त्या पहाटे गेली, आणि 52 गावे पुढे नव्या जागी वसवावी लागली. मी तेव्हा शाळेत होतो. नांदेडला आमच्या फळीवरची भांडी वाजल्याचे मला आठवते. आईने मांजराला शिवी दिली होती. मावशींच्या घरातून सासूबाई आणि थोरला मुलगा बाहेर आले नाहीत. धाकटी लेक आजोळी होती म्हणून ती आज शाळेत माझ्या शेजारच्या वर्गावर आहे. तिने ही गोष्ट मला दहा वर्षांत एकदाच, तीही हजेरीपटावर सह्या करता करता सांगितली होती. आई अजून पाऊस नसेल तेव्हा अंगणात झोपते, कुठेही बसण्याआधी भुईला हात लावून पाहते, हे मात्र तेव्हा सांगितले नव्हते. बसच्या पायरीचा अर्थ मला आता लागला.

दिघीला उतरल्यावर आमच्यात वाद झाला. अजून तीन खाड्या होत्या. एस. टी.वाल्या काकांचे म्हणणे, बोट पुरे, आता सरळ महामार्गाला लागू; म्हाताऱ्या माणसाचा जीव टांगणीला लावायचा नाही. तलाठी म्हणाले, मग बोटीचा प्रवास म्हणून पैसे कशाला घेतले? शेटजींनी तोडगा काढला की मावशींना आणि लेकीला वेगळ्या गाडीने पुलावरून पाठवावे, खर्च ते स्वतः देतील. ते खरोखर देणार होते. मावशी हे सगळे ऐकत एका दगडावर बसल्या होत्या. त्यांना कुणी विचारलेच नव्हते. रात्री श्रीवर्धनला जेवणे झाल्यावर त्यांनी लेकीमार्फत निरोप पाठवला : माझ्यापायी कुणी वळसा घेऊ नका, मला वेगळंही धाडू नका.

दुसऱ्या दिवशी बागमांडल्याच्या धक्क्यावर आम्हाला पाऊण तास थांबावे लागले. समोर वेसवीच्या बाजूला बोट दिसत होती, पण ती तिकडे गाड्या भरत होती. तेथे एक म्हातारा खलाशी दोर गुंडाळीत बसला होता. आता तो बोटीवर जात नसे, पण धक्का सोडवत नाही म्हणून येऊन बसे, असे त्यानेच सांगितले. मी मास्तरी सवयीने त्याला भरतीचे विचारले. पाणी इतके खाली कसे, पुन्हा केव्हा चढणार.

"आज तिथी काय?" त्याने उलट विचारले.

आम्ही पंधरा सुशिक्षित माणसे. तलाठ्यांनी मोबाईल काढला. मागून मावशी म्हणाल्या, "बारस."

"बारसेची पाऊणपट करा."

"नऊ," मावशी म्हणाल्या. विचार करायलाही त्यांना वेळ लागला नाही.

"मग नवाला भरती झाली. आता ओहोटी लागलीय. तीनच्या पुढं पाणी फिरंल."

हिशोब एवढाच आहे. शुद्ध असो की वद्य, तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरती किती वाजता पुरी होते ते निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. पुनवेला आणि अवसेला सव्वाअकरा येतात, पण तेव्हा बाराच धरायचे, खलाशी म्हणाला. अर्धाएक तास इकडेतिकडे होतो. सहा तासांनी ओहोटी, पुन्हा सहा तासांनी भरती. पुनवेच्या आणि अवसेच्या सुमाराला पाणी फार चढते आणि फार उतरते, त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमाराला कमी हलते, तो भांग. चंद्र रोज पाऊण तासाच्या आसपास उशिरा येतो, त्याच्या मागे पाणी. हे मी भूगोलाच्या पुस्तकातून कितीतरी वर्षे शिकवीत आलो आहे. पण पुस्तकात पाऊणकी नसते. पावकी, निमकी, पाऊणकी हे पाढे आता आम्ही शिकवीत नाही. मावशी शाळेत गेल्या नव्हत्या. त्यांचे वडील आठवडी बाजारात धान्य विकत, त्यांच्या शेजारी पोत्यावर बसून त्या पाऊणकी शिकल्या होत्या. आणि तिथी तर चतुर्थ्या, एकादश्या, प्रदोष धरणाऱ्या बाईला विचारायलाच नको.

बोट आली. मावशी उठल्या नाहीत. खलाशाला त्यांनी विचारले, "ते खालून हलतंय ते कशानं?"

"इंजान हाय आई."

"कवा थांबतं?"

"पलीकडं लागली की बंद करतात. बारा-पंधरा मिन्टं."

"नक्की?"

"चाळीस वर्सं बघतोय."

मावशींनी लेकीकडून घड्याळ मागून घेतले आणि मुठीत धरून बोटीवर गेल्या. पुन्हा मधोमध बसल्या. एक तळहात लोखंडावर, दुसऱ्यात घड्याळ. कुणी लिंबू पुढे केले नाही. उजवीकडे समुद्राच्या तोंडाशी बाणकोटचा किल्ला होता; माझे लक्ष तिकडे लागेना. वेसवीला फळका आदळला, इंजिन थांबले, लोखंड गप्प झाले. "तेरा," मावशी म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी केळशी, आंजर्ले, हर्णै करीत दाभोळला पोहोचायचे होते. सकाळीच मावशींनी ड्रायव्हरला बजावले, "आज तेरस. पावणेदहाला भरती. दुपारचं चारला पाणी तळाला जाईल. येकतर त्याच्या आधी चला, न्हाईतर सहाला चला." ड्रायव्हर हसला. आम्ही हर्णैला माशांच्या लिलावात रमलो, तिसऱ्या मुरुडाला विनोद ऐकला, आणि दाभोळच्या धक्क्यावर बरोबर साडेतीनला आलो. उतार खालपर्यंत उघडा पडलेला, शेवटच्या भागावर शेवाळ. बोटीवाल्याने मोटारी घेतल्या, आमच्या बसकडे पाहिले आणि हात हलवला. लांब गाडीचे शेपूट खाली घासेल, पाणी चढू द्या, म्हणाला.

"किती वाजेपर्यंत?" एस. टी.वाल्या काकांनी विचारले.

"सहा तरी."

ड्रायव्हर मावशींकडे बघत राहिला. पुढच्या सबंध प्रवासात त्याने त्यांना विचारल्याशिवाय गाडी सुरू केली नाही.

दोन तास मिळाले ते बरे झाले. दाभोळ हे नाव आम्हाला ऐकून ठाऊक, तेही विजेच्या प्रकल्पामुळे. पण एके काळी हे बहमनी राज्याचे मोठे बंदर होते, आणि बहमनींची राजधानी बीदर ही आमच्या उदगीरची शेजारीण. पंधराव्या शतकात अफानासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी एक घोडा घेऊन चौलला उतरला, तो घोडा विकायला फिरत फिरत बीदरला पोहोचला, तेथे राहिला, आणि परत जाताना जहाजात चढला तो या दाभोळला. मायदेशी निघाला, पण आपल्या गावी पोहोचण्याआधी वाटेतच वारला. उदगीर-बीदरकडचा माणूस दाभोळच्या पाण्याला लागतो ही काही आमच्यापासून सुरू झालेली गोष्ट नव्हे, हे मी मंडळींना समजावून सांगितले. शेटजींनी घोडा केवढ्याला गेला ते विचारले.

खाडीकाठची शाही मशीद पाहिली. चंडिकेचे देऊळ गुहेत आहे, आत समईच्या उजेडात वाकून जावे लागते. मावशी आत आल्या नाहीत. वर दगड आहे म्हणाल्या. बाहेरूनच हात जोडून त्यांनी लेकीजवळ ओटी दिली.

सहाला पाणी उतारावर चांगले वर आले होते. शेवाळ दिसेनासे झाले. बस बिनबोभाट आत गेली. सूर्य समुद्राच्या तोंडाशी टेकला होता आणि पूर्वेला डोंगरावर तेरसेचा चंद्र केव्हाचा येऊन बसला होता. इंजिन सुरू झाले. मावशी या वेळी कठड्याशी बसल्या, बाकावर. हात लोखंडाला लावला. "हलायलीय," म्हणाल्या, मग हात तसाच ठेवून चंद्राकडे बघत बसल्या. घड्याळ लेकीच्याच हातात होते.

शेवटची जयगडची खाडी आम्ही चतुर्दशीला ओलांडली. साडेदहाची भरती गाठायची म्हणून मावशींनी सगळ्यांना सहाला उठवले होते. तवसाळच्या धक्क्यावर आम्ही वेळेआधी हजर. बोट निम्म्या खाडीत असताना त्या मला म्हणाल्या, "तवाबी चतुर्दशीच होती की गुरुजी."

मी मान हलवली.

"घरात पंचांग होतं. त्यात काय लिहिलं नव्हतं." थोड्या वेळाने म्हणाल्या, "ह्ये पाणी तरी तिथी पाळतंय."

त्यानंतर मालगुंडला केशवसुतांचे घर पाहिले, गणपतीपुळ्याला पुनव केली, आणि आंबा घाटाने वर चढून दोन दिवसांनी लातूर-नांदेडला परतलो. परतीचा प्रवास सांगण्यासारखा नाही. सगळे झोपले होते.

मावशी आता लेकीकडे नांदेडला असतात. अजून अंगणातच झोपतात, त्यात काही फरक नाही. पण एकादशीला सकाळी मला त्यांचा फोन येतो. "गुरुजी, सव्वाआठला भरती हाय बगा जयगडला." मी बरं म्हणतो. परवा त्यांच्या नातवाने मोबाईलवर भरतीचे कोष्टक काढून दाखवले की आजी, तुझी वेळ पंचवीस मिनिटांनी चुकते. मावशींनी त्याला आधी पाऊणकी म्हणून दाखवायला सांगितली. त्याला ती येत नाही. रविवारी शिकवायला मी जाणार आहे.